४,२९,४९,६७,२९७ : एका अनुमानाचा शेवट करणारी संख्या

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. प्रथमदर्शनी या संख्येत विशेष काही दिसत नाही. पण सुमारे नव्वद वर्षे ती युरोपातील गणितज्ञांना एका चुकीच्या समजुतीत ठेवून होती. त्या समजुतीचा शेवट कसा झाला, हे समजून घेतले की पडताळा आणि सिद्धता यांतील फरक विद्यार्थ्यांना कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक स्पष्ट होतो.

प्रथम या संख्येची ओळख करून घेऊ. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे दुप्पट करत गेले, तर तेहतिसाव्या घरात २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ दाणे येतात. त्यात एक मिळवला की आपली संख्या तयार होते. या लेखात २ चा ३२ वा घात आपण २^३२ असा लिहू. म्हणजे आपली संख्या आहे २^३२ + १.

प्रश्न असा, की ही संख्या मूळ आहे की संयुक्त?

शाळेत शिकवलेल्या कसोट्या लावून पाहू. शेवटचा अंक ७ आहे, म्हणून २ ने किंवा ५ ने भाग जात नाही. अंकांची बेरीज ५९ येते, म्हणून ३ ने भाग जात नाही. ११ च्या कसोटीसाठी एकाआड एक अंकांच्या बेरजा घेतल्या, तर २१ आणि ३८ येतात. त्यांतील फरक १७ आहे, म्हणून ११ नेही भाग जात नाही. ७ साठी थोडा विचार करावा लागतो. २^३ म्हणजे ८ ला ७ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून २^३० ला भागल्यासही बाकी १ च उरते. मग २^३२ ची बाकी ४ आणि आपल्या संख्येची बाकी ५. येथेही भाग जात नाही.

असे किती भागाकार करावे लागतील? एखादी संख्या संयुक्त असेल, तर तिचा निदान एक मूळ अवयव तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा नसतो. आपल्या संख्येचे वर्गमूळ ६५५३६ पेक्षा किंचित मोठे आहे. ६५५३६ पर्यंत ६५४२ मूळ संख्या आहेत. म्हणजे मूळ संख्यांची यादी हाताशी असली, तरी ही संख्या मूळ आहे असे ठरवण्यासाठी ६५४२ भागाकार करण्याची तयारी हवी. सतराव्या शतकात हे काम दौत, टाक आणि कागद यांच्या बळावर करायचे होते.

फर्माचे अनुमान

पियेर द फर्मा हा फ्रान्समधील तुलूझच्या न्यायालयातील अधिकारी. गणित हा त्याचा व्यवसाय नव्हता, पण संख्याशास्त्रात त्याच्या तोडीचा माणूस त्या काळी दुसरा नव्हता. २ च्या घातात एक मिळवून तयार होणाऱ्या संख्यांकडे त्याचे लक्ष गेले.

अशा सर्वच संख्या मूळ नसतात. घातांकाला १ पेक्षा मोठा विषम विभाजक असेल, तर संख्या संयुक्तच असते, कारण क^३ + १ या राशीला क + १ ने निःशेष भाग जातो, आणि ३ च्या जागी कोणतीही विषम संख्या घेतली तरी तसेच घडते. उदाहरणार्थ, २^६ + १ = ६५ = ५ × १३ आणि २^१२ + १ = ४०९७ = १७ × २४१. म्हणून मूळ संख्या हवी असेल, तर घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असा, म्हणजे स्वतःच २ चा घात असावा लागतो. अशा संख्यांना आज फर्मा संख्या म्हणतात. त्यांतील पहिल्या सहा अशा :

फ(०) = २^१ + १ = ३
फ(१) = २^२ + १ = ५
फ(२) = २^४ + १ = १७
फ(३) = २^८ + १ = २५७
फ(४) = २^१६ + १ = ६५,५३७
फ(५) = २^३२ + १ = ४,२९,४९,६७,२९७

यांपैकी पहिल्या पाचही संख्या मूळ आहेत. ६५,५३७ चे वर्गमूळ २५६ पेक्षा किंचित मोठे आहे आणि २५६ पर्यंत फक्त ५४ मूळ संख्या आहेत, म्हणून एवढा पडताळा घेणे फर्माला अवघड नव्हते. १६४० मध्ये फ्रेनिकल या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने आपला विश्वास कळवला, की या प्रकारची प्रत्येक संख्या मूळच असते. सिद्धता मात्र हाती आलेली नाही, हेही त्याने प्रांजळपणे लिहिले. पुढे १६५४ मध्ये पास्कालला लिहितानाही त्याचा विश्वास कायम होता. १६६५ मध्ये फर्मा वारला, तेव्हा हे अनुमान तसेच उभे होते.

येथे क्षणभर थांबावे. पाचपैकी पाच उदाहरणे जमली. आपल्या वर्गात तीन उदाहरणे जमली, की विद्यार्थी नियम लिहून मोकळे होतात आणि आपणही पुष्कळदा त्यांना अडवत नाही. फर्मासारख्या माणसालाही पाच उदाहरणांचा मोह पडला. सहावी संख्या एकदम इतकी मोठी होती, की तिथपर्यंत पडताळा पोचला नाही.

गोल्डबाखचा ताजा कलम

लिओनार्ड ऑयलर १७२७ मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत रुजू झाला. क्रिस्तियान गोल्डबाखशी त्याचा पत्रव्यवहार होता. १ डिसेंबर १७२९ च्या पत्राच्या शेवटी, ताजा कलम म्हणून, गोल्डबाखने सहज विचारले, की या सर्व संख्या मूळ असतात हे फर्माचे मत आपल्याला ठाऊक आहे काय? बावीस वर्षांच्या ऑयलरला सुरुवातीला या प्रश्नात फारसा रस वाटला नाही. पण गोल्डबाखने चिकाटी सोडली नाही आणि अखेर ऑयलर त्यात गुंतला. १७३२ मध्ये अकादमीपुढे मांडलेल्या एका छोट्या निबंधात त्याने निकाल जाहीर केला :

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

फर्माचे अनुमान कोसळले. त्यासाठी एक उदाहरण पुरे झाले. अनुमानाच्या बाजूची पाच उदाहरणे त्याला सिद्ध करू शकली नाहीत, पण विरुद्ध बाजूच्या एका उदाहरणाने ते कायमचे खोटे ठरवले. गणितातील विधानांच्या बाबतीत हा न्याय सर्वत्र लागू आहे.

या गोष्टीत एक चुटपूट लावणारी बाब आहे. मूळ संख्यांच्या क्रमात ६४१ ही ११६ वी संख्या आहे. काहीही युक्ती न करता २ पासून ओळीने भागत गेलेला माणूससुद्धा ११६ व्या भागाकाराला यशस्वी झाला असता. ६५४२ भागाकारांच्या भीतीमुळे सुरुवातच झाली नाही की कुठे हिशेबात चूक राहिली, हे सांगणे शक्य नाही.

ऑयलर मात्र ओळीने भागत बसला नाही. त्याची पद्धत पाहण्यापूर्वी ६४१ ने भाग का जातो, हे पाहू.

भागाकार न करता

६४१ ही संख्या दोन प्रकारे मांडता येते :

६४१ = ५ × १२८ + १ = ५ × २^७ + १
६४१ = ६२५ + १६ = ५^४ + २^४

दुसऱ्या ओळीवरून २^४ = ६४१ − ५^४. आता २^३२ म्हणजे २^४ × २^२८. म्हणून

२^३२ + १ = (६४१ − ५^४) × २^२८ + १
= ६४१ × २^२८ − (५^४ × २^२८ − १)
= ६४१ × २^२८ − (६४०^४ − १)

शेवटच्या पायरीत ५^४ × २^२८ म्हणजे (५ × २^७) चा चौथा घात, म्हणजेच ६४०^४, हे लक्षात घ्यावे. आता क^४ − १ चे अवयव (क + १)(क − १)(क^२ + १) असे पडतात. क = ६४० घेतल्यास पहिला अवयव ६४१ येतो. दोन्ही पदांना ६४१ ने भाग जातो, म्हणून आपल्या संख्येलाही जातो.

भागाकारही याच मांडणीतून मिळतो. तो आहे २^२८ − ६३९ × ४,०९,६०१, म्हणजे २६,८४,३५,४५६ − २६,१७,३५,०३९ = ६७,००,४१७. नववीच्या विद्यार्थ्याला येणाऱ्या अवयव पाडण्याच्या सूत्रावर एक ऐतिहासिक प्रश्न सुटतो, ही गोष्ट वर्गात अवश्य दाखवावी.

पण येथे चौकस विद्यार्थी विचारील : ६४१ हा आकडा आधी ठाऊक होता म्हणून हे जमले, तो सापडला कसा? हा प्रश्न रास्त आहे आणि खरे गणित त्याच्या उत्तरातच आहे.

बाक्यांचे चक्र

२ च्या घातांना १७ ने भागून येणाऱ्या बाक्या ओळीने लिहू :

१, २, ४, ८, १६, १५, १३, ९, १, २, ४, ...

आठ बाक्यांनंतर चक्र पुन्हा सुरू होते. बरोबर अर्ध्या वाटेवर, म्हणजे २^४ पाशी, बाकी १६ आहे. ती १७ ला एक कमी असल्याने आपण तिला −१ म्हणू. पुढे तिचा वर्ग झाला, की बाकी पुन्हा १ होते. आणखी एक गोष्ट पाहा : चक्राची लांबी ८ आहे आणि १७ − १ = १६ ही संख्या ८ च्या पटीत आहे. हा योगायोग नाही. फर्माचाच एक प्रसिद्ध सिद्धांत सांगतो, की प ही मूळ संख्या असेल आणि तिने अ ला भाग जात नसेल, तर अ^(प − १) ला प ने भागल्यास बाकी १ उरते. म्हणून चक्राची लांबी नेहमी प − १ ची विभाजक असते.

आता समजा, प या मूळ संख्येने २^३२ + १ ला निःशेष भाग जातो. मग २^३२ ची बाकी −१ आणि तिचा वर्ग केल्यावर २^६४ ची बाकी १. म्हणजे चक्राची लांबी ही ६४ ची विभाजक, अर्थात १, २, ४, ८, १६, ३२ किंवा ६४ यांपैकी एक असणार. ती ३२ किंवा त्याहून कमी असती, तर २^३२ ची बाकी १ आली असती. पण ती −१ आहे. म्हणून लांबी बरोबर ६४ आहे, आणि प − १ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. निष्कर्ष असा :

२^३२ + १ चा कोणताही मूळ अवयव ६४ × म + १ या स्वरूपाचाच असतो.

मग शोधाचे क्षेत्र किती आकसते पाहा. ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१ या संख्यांतून संयुक्त संख्या वगळल्या, तर १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ एवढ्याच उरतात. पाचव्या प्रयत्नाला अवयव हाती येतो. १७३२ च्या निबंधात ऑयलरने ही वाट उघड केली नव्हती. नंतरच्या एका निबंधात त्याने ती सविस्तर मांडली.

यातला विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. ज्या सिद्धांताने फर्माचे अनुमान पाडले, तो फर्माचाच होता आणि त्याने तो १६४० मध्येच फ्रेनिकलला लिहिलेल्या दुसऱ्या एका पत्रात कळवला होता. हत्यार घरात होते. ते या कामाला लावायचे राहून गेले.

कष्ट आणखी कमी

१८७८ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने ऑयलरचा निष्कर्ष अधिक धारदार केला. अवयव ६४ च्या नव्हे, तर १२८ च्या पटीपेक्षा एकने जास्त असावा लागतो. याची सिद्धताही आपल्या आवाक्यात आहे. स = २^८ × (२^१६ − १) ही संख्या घ्या. तिचा वर्ग

स^२ = २^१६ × (२^३२ − २^१७ + १) = (२^१६ − २) × (२^३२ + १) + २

असा येतो. उजवीकडील राशी गुणून पडताळा घ्यावा. म्हणजे स^२ ला आपल्या संख्येने, आणि म्हणून तिच्या प या अवयवानेही भागल्यास २ चीच बाकी उरते. मग स^६४ ची बाकी २^३२ च्या बाकीइतकी, म्हणजे −१, आणि स^१२८ ची १. स चे चक्र १२८ लांबीचे झाले, म्हणून प − १ ला १२८ ने भाग गेला पाहिजे.

आता उमेदवार राहिले १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यांत मूळ संख्या दोनच : २५७ आणि ६४१. त्यांतील २५७ तर स्वतःच फ(३) आहे, आणि कोणत्याही दोन फर्मा संख्यांना १ शिवाय सामाईक विभाजक नसतो, हे आपण थोड्या वेळाने पाहणार आहोत. म्हणून पहिला आणि एकमेव उमेदवार ६४१! ११६ भागाकारांचे पाच झाले, पाचाचे दोन आणि दोहोंचा एक. मधल्या काळात भागाकाराची पद्धत बदलली नव्हती. प्रत्येक वेळी थोडा अधिक विचार झाला आणि तेवढे हातकाम वाचले.

उरलेला अवयव ६७,००,४१७ मूळ आहे का? हेही याच नियमाने ठरते. त्याचे वर्गमूळ सुमारे २५८८ आहे. १२८ × म + १ या स्वरूपाच्या, ६४१ पासून २५८८ पर्यंतच्या मूळ संख्या चारच आहेत : ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. त्यांनी भागल्यास अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ बाकी उरते. म्हणून ६७,००,४१७ मूळ आहे आणि आपल्या संख्येचे हे दोनच मूळ अवयव आहेत. केवळ चार भागाकारांत सदुसष्ट लाखांच्या घरातील संख्या मूळ ठरली!

शेजारची संख्या

आपल्या संख्येतून २ वजा केल्यास ४,२९,४९,६७,२९५ मिळते. बुद्धिबळाच्या अर्ध्या पटावरील, म्हणजे पहिल्या ३२ घरांतील सर्व दाण्यांची ही बेरीज. संगणकात ३२ द्विमान अंकांच्या जागेत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्याही हीच. तिचे अवयव पाहा :

४,२९,४९,६७,२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७

आधीच्या पाचही फर्मा संख्यांचा हा गुणाकार आहे. (क − १)(क + १) = क^२ − १ हे सूत्र पुन्हा पुन्हा वापरल्यास तो सहज मिळतो. तसेच ३ × ५ = १७ − २ आणि ३ × ५ × १७ = २५७ − २. म्हणजे कोणत्याही फर्मा संख्येतून २ वजा केले, की आधीच्या सर्व फर्मा संख्यांचा गुणाकार मिळतो. आता दोन फर्मा संख्यांना एखादा सामाईक विभाजक असेल, तर त्याने २ लाही भाग गेला पाहिजे. पण या सर्व संख्या विषम आहेत. म्हणून तो विभाजक १ च. फर्मा संख्या अनंत आहेत आणि प्रत्येकीचे मूळ अवयव इतरांहून वेगळे. अर्थात मूळ संख्याही अनंत आहेत! युक्लिडच्या सिद्धतेहून वेगळी अशी ही सुंदर सिद्धता गोल्डबाखने १७३० मध्ये ऑयलरला कळवली होती. अनुमान खोटे ठरले, तरी त्या संख्यांचा अभ्यास वाया गेला नाही.

त्यांचा आणखी एक संबंध भूमितीशी आहे. १७९६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, कार्ल फ्रीडरिख गाउसने कंपास व पट्टी वापरून १७ बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो, हे सिद्ध केले. बाजूंची संख्या विषम असेल, तर ती निरनिराळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असावी लागते. ही अट पुरेशी आहे हे गाउसने दाखवले आणि ती आवश्यकही आहे याची सिद्धता व्हांत्सेलने १८३७ मध्ये दिली. सुसम त्रिकोण आणि पंचकोन आपण शाळेत काढतो, पण सप्तकोन काढता येत नाही, याचे मूळ येथे आहे. आज ज्ञात असलेल्या पाच फर्मा मूळ संख्यांपासून विषम बाजूंचे ३१ बहुभुज मिळतात. त्यांतील सर्वांत मोठ्याच्या बाजू ४,२९,४९,६७,२९५! आपली संख्या मूळ असती, तर ही यादी ६३ वर गेली असती.

पुढच्या संख्यांचे काय?

२^६४ + १ म्हणजे फ(६) ही वीस अंकी संख्या आहे. १८८० मध्ये लांद्री या फ्रेंच गणितज्ञाने, वयाच्या ८२ व्या वर्षी, तिचा २,७४,१७७ हा अवयव शोधला. फ(७) चे अवयव १९७० मध्ये मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी संगणकाच्या साहाय्याने पाडले. फ(५) पासून फ(३२) पर्यंतच्या सर्व संख्या संयुक्त आहेत, हे आज निश्चित आहे. फ(४) नंतर एकही फर्मा संख्या मूळ निघालेली नाही. फ(३३) चा निकाल अद्याप लागलेला नाही. ती लिहायलाच अडीच अब्जांहून अधिक अंक लागतात.

येथे एक विचित्र परिस्थिती निर्माण झाली आहे. फ(२०) ही संख्या संयुक्त आहे, हे १९८८ मध्ये सिद्ध झाले, पण तिचा एकही अवयव आजवर सापडलेला नाही. अवयव न सापडता संख्या संयुक्त कशी ठरते? वर आलेला फर्माचा सिद्धांत आठवा. मूळ संख्यांना लागू पडणारा असा एखादा नियम दिलेल्या संख्येने मोडला, तर ती मूळ नाही हे सिद्ध होते; तिचे अवयव कोणते, हे मात्र कळत नाही. ‘संयुक्त आहे’ हे कळणे आणि ‘अवयव कोणते’ हे कळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा फार कठीण आहे, आणि १९७७ मध्ये मांडलेल्या आरएसए या गुप्तलेखनाच्या पद्धतीची सुरक्षितता याच अडचणीवर अवलंबून आहे. त्या पद्धतीत फ(४) म्हणजे ६५,५३७ हा घातांक आजही सर्रास वापरला जातो.

वर्गात काय करता येईल?

पहिला उपक्रम : आपली मोठी संख्या न लिहिता ६४१ ची परीक्षा घ्यावी. २^८ = २५६. त्याचा वर्ग ६५,५३६. ६४१ ने भागल्यास बाकी १५४. पुन्हा १५४ चा वर्ग २३,७१६. ६४१ ने भागल्यास बाकी ६४०. ही २^३२ ची बाकी झाली. तिच्यात १ मिळवल्यास ६४१, म्हणजे बाकी शून्य. दोन भागाकारांत काम होते. वर्गाचे चार गट करून १९३, २५७, ४४९ आणि ५७७ या संख्यांसाठी हेच करायला सांगावे. आपल्या संख्येची बाकी अनुक्रमे १०९, २, ३२५ आणि २८८ आली पाहिजे.

दुसरा उपक्रम : फर्मा संख्यांच्या अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करावी. १७ पासून पुढे ८, ५, ८, ५ असा क्रम येतो. येथे न थांबता हा क्रम कायम राहील का, आणि का, असे विचारावे. आधीची फर्मा संख्या क + १ असेल, तर पुढची क^२ + १ असते, एवढी सूचना पुरेशी आहे.

तिसरा उपक्रम : क^२ + क + ४१ या राशीत क च्या जागी ०, १, २, ३ असे आकडे घालायला सांगावे. ऑयलरने अभ्यासलेल्या या राशीतून प्रत्येक वेळी मूळ संख्या निघते. विद्यार्थी दहाव्या किंवा पंधराव्या उदाहरणाला ‘नेहमीच मूळ’ असे म्हणू लागतील. राशी ३९ पर्यंत टिकते. क = ४० घेतल्यावर ४१ × ४१ येते. चाळीस उदाहरणे जुळूनही नियम खोटाच.

हे झाल्यावर भूमितीच्या तासाला त्रिकोणाच्या कोनांची बेरीज मोजून १८० अंश आली, की एखादा विद्यार्थी विचारील, ‘मोजून आली, मग सिद्धता कशाला?’ त्या वेळी फळ्यावर फर्माच्या पहिल्या पाच संख्या लिहाव्यात, त्यांखाली ही सहावी लिहावी आणि तिचे अवयव त्यालाच शोधायला सांगावेत.